पळसाची सहा माणसं

माझा धंदा मेलेल्यांचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. अकोल्यात मी लग्नं लावतो, मुंजी करतो, नव्या फ्लॅटची वास्तुशांत करतो, आणि मंत्र चालू असताना यजमानाचा मोबाईल वाजला की मध्येच थांबून त्याच्याकडे बघत बसतो. रागीट भटजी म्हणून माझं नाव आहे. मर्तिकाची कामं करणारे गुरुजी वेगळे. त्यांचा रस्ता वेगळा आणि माझा वेगळा, असं मी तीस वर्षं मानत आलो.

तरी नोव्हेंबरच्या शेवटी जुईलीचा, म्हणजे माझ्या मुलीचा फोन आला. "बाबा, पिंपळझिऱ्याला या. तुमचं काम आहे."

घरात माझी पूजा सुरू झाली की ही कानात हेडफोन घालून बसणार. जानव्यावरून, सोवळ्यावरून माझी टिंगल करणार. तिला माझं काम पडलं याचाच मला इतका आनंद झाला, की काय काम ते मी विचारलंच नाही. पंचांग आणि पळी-पंचपात्र पिशवीत टाकलं आणि निघालो.

जुईली 'सोबत' मंडळात काम करते. अकोला-अमरावतीकडची माणसं आहेत ती. निवृत्त मास्तर, दोन डॉक्टर, एक किराण्याचा मोठा व्यापारी आणि बरीचशी कॉलेजची मुलं. कुठे पूर आला, आग लागली की आपापले डबे घेऊन धावतात. या वेळी भूकंप झाला होता. हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या अगदी पायथ्याला पिंपळझिरा आहे. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, दुपारचे चार वाजले होते आणि बहुतेक गाव कापूस वेचायला वावरात होतं. म्हणून गाव वाचलं. घरात होते ते एकोणतीस जण गेले. आणखी सहा सापडलेच नाहीत, कारण वरच्या गल्लीवर अख्खी टेकडी उतरली होती. नऊ दिवस मशीन खोदत होतं. मग टेकडी पुन्हा सरकू लागली आणि खोदणं बंद करावं लागलं.

मी पोचलो तेव्हा भूकंपाला वीस दिवस झाले होते. जुईलीनं मला चहासुद्धा न देता आधी टेकडी दाखवायला नेलं. टेकडीच्या कपाळावर एक आडवी भेग होती. तिच्यात हात घातला तर खांद्यापर्यंत गेला असता.

"हे उरलेलं कधीही खाली येईल," ती म्हणाली. "दोन किलोमीटरवर आम्ही टिनाची घरं बांधून ठेवली आहेत. चाळीस कुटुंबं. पण एक माणूस हलत नाही. म्हणतात, आमची सहा माणसं इथं आहेत, त्यांचं काही केल्याशिवाय त्यांना टाकून कसं जायचं? बाबा, प्रेत सापडलं नाही तर काहीतरी विधी असतो ना?"

असतो. पळसाच्या पानांचे देठ घ्यायचे, तीनशे साठ. डोक्याला चाळीस, मानेला दहा, दोन्ही हातांना मिळून शंभर, असा माणूस रचायचा. डोक्याच्या जागी नारळ. मग त्याचं नाव घेऊन त्याला अग्नी द्यायचा. त्या दिवसापासून सुतक, मग दहावा, तेरावा, सगळं रीतसर. पुस्तकात वाचलेलं होतं, केलेलं कधी नव्हतं. पण मुलगी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे विद्यार्थ्यासारखी बघत होती. मी म्हणालो, "करू. त्यात काय एवढं?"

त्या दिवशी दुपारी मी पंगतीला बसलो. मंडळाची पद्धत अशी, की गावाला जे करता येतं ते मंडळानं करायचं नाही. त्यामुळे स्वयंपाक गावातल्या बायकांचाच होता आणि पत्रावळीही त्यांनीच पळसाच्या पानांच्या लावलेल्या होत्या. मोर्शीच्या बागायतदारांनी गाडीभर संत्री पाठवली होती, तीही प्रत्येक पानावर एक होती. सगळ्यांना वाढून झालं, प्रार्थना झाली, मी वरणभात कालवला आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

आवाज मोठा नव्हता. पोटात भुकेनं गुरगुरतं ना, तसा. पण तो जमिनीच्या पोटातून, आमच्या बुडाखालून आला आणि वरच्या गल्लीकडे सरकत गेला. माझ्या पत्रावळीवरचं संत्रं आपोआप घरंगळलं. कोणी उठलं नाही, कोणी ओरडलं नाही. समोरच्या म्हाताऱ्यानं आपल्या पानावरचा पहिला घास उचलला आणि मागे मातीत ठेवला. मग शेजारच्यानं ठेवला. बघता बघता सगळ्या पंगतीनं एकेक घास मागे ठेवला आणि मग जेवायला सुरुवात केली.

"रोज होते," तो म्हातारा मला म्हणाला. "बराबर जेवाच्या टायमाले. भुके हायेत ते."

हे महादेवराव. गावात त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांना धरणीकंपानंतरचे लहान धक्के महिनोन्‌महिने येत राहतात वगैरे सांगितलं, पेपरात वाचलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "महाराज, येऊ द्या नं धक्के," ते म्हणाले. "पन जेवाच्याच टायमाले कावून येतेत?" मी घरंगळलेलं संत्रं उचलून परत पानावर ठेवलं.

सहापैकी पाच घरं विधीला लगेच तयार झाली. सहावं घर गोदाबाईचं.

गोदाबाई मंडळाच्या स्वयंपाकघरात मुख्य. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ. मंडळाच्या डॉक्टरांनाही हात धुतल्याशिवाय भाकरीच्या टोपलीला शिवू देत नसे. नवरा जुनाच गेलेला. एकुलता मुलगा बंडू, सव्वीस वर्षांचा, न सापडलेल्यांत. मी तिच्याकडे गेलो तेव्हा ती पत्रावळी लावत होती. पान घ्यायचं, काडी टोचायची, मोडायची, पुढचं पान. हात थांबले नाहीत.

"माह्या पोराचं काई करू नका," ती म्हणाली. "थो गावात नव्हताच. सकाऊनच गाडी घेऊन बुऱ्हानपूरले गेला. कामाचं इचाराले."

"मग महिना होत आला बाई. फोन नाही, निरोप नाही."

"नसन आला. म्हनून काय मेला?"

"त्याला जाताना कोणी बघितलं?"

"म्या पायलं. माय पुरत नाई का?"

मी महादेवरावांना विचारलं. ते बंडूचे चुलत चुलते. त्यांनी मान हलवली. "गोदी वावरात होती, महाराज. म्या सोता पायलं त्याले. हादरा बसाच्या दहा मिनिटं आंधी. वट्यावर बसला होता, घरापुढं. म्या म्हनलं, जेवला का रे? त्यानं मान हालवली, नाई म्हने. मी पुढं गेलो अन् मागून गल्ली गेली." सांगताना त्यांचे डोळे भरून आले. खोटं बोलणाऱ्याचे डोळे मी खूप बघितले आहेत, लग्न जमवताना तर रोज बघतो. हे खोटं बोलत नव्हते.

मी म्हणालो, पाच जणांचं उरकून घेऊ. तर पाची घरं अडून बसली. जमिनीनं सहा नेले, सहाचंच करा. एक ठेवला तर आवाज थांबणार नाही, आणि आवाज थांबल्याशिवाय आम्ही हलणार नाही. जुईली रोज सकाळी टेकडीवर जाऊन भेगेत टेप धरायची. तीन दिवसांत चार बोटं वाढली होती. खाली चाळीस कुटुंबं झोपत होती, त्यांत पाळण्यातली सात. ती मला नुसते आकडे सांगायची आणि माझ्याकडे बघायची.

चौथ्या दिवशी महादेवराव म्हणाले, "चुलता अग्नी देऊ शकते नं?"

देऊ शकतो. मी हो म्हणालो. गोदाबाईला त्या दिवशी भाजी आणायला मंडळाच्या जीपमध्ये हिवरखेडला पाठवलं. ही युक्ती माझी. जुईलीला मी सांगितलं की बाई तयार झाली आहे. आजवर कोणत्याही यजमानाला मी फसवलेलं नाही. त्या आईला मात्र फसवलं, आणि सत्कृत्य करतोय अशा थाटात फसवलं.

झऱ्याकाठी सहा पुतळे ओळीनं मांडले. बायकांनी ते इतके नीट बांधले होते की बघवेना. जो उंच होता त्याचा उंच, जी पोर दहा वर्षांची होती तिचा तेवढाच. उजेड लख्ख होता, वारा अजिबात नव्हता. मी एकेक नाव घेतलं. पाच पेटले, तडतडले, पाच नारळ एकामागून एक फुटले. बंडूचा पुतळा पेटला, देठ जळून राख झाले, पण नारळ तसाच राहिला. आम्ही वाट बघितली. महादेवरावांनी आणखी लाकडं टाकली, तूप टाकलं. नारळ काळा पडला, फुटला नाही. शेवटी मी म्हणालो की नारळ ओला असेल, आणि तो तसाच झऱ्यात सोडायला लावला. ओला असेलही.

गोदाबाई भाजी घेऊन परत आली, तिनं राखेचे सहा ढीग बघितले. मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि मी त्या खाल्ल्या असत्या. तिनं भाजीची पोती उतरवली, पदर खोचला आणि कांदे चिरायला बसली. जुईलीला मात्र कळायचं ते कळलं. "बाबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत," एवढंच म्हणाली आणि तंबूत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. सगळ्यांचे हात पानावर थांबले. सगळे ऐकत होते, मीही. खालून काही आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी चाळीस कुटुंबांनी बिऱ्हाडं उचलली आणि मुकाट्यानं टिनाच्या घरांत राहायला गेली. त्यानंतर पाच दिवसांनी सकाळी दहा वाजता टेकडीचा उरलेला भाग खाली आला, आणि जिथं आमची पंगत बसत होती तिथं दोन पुरुष उंचीची माती झाली. एक कोंबडीसुद्धा मेली नाही.

लोक माझ्या पाया पडू लागले. आता मी काय सांगू? मला बरं वाटलं. मी अकोल्याला परत न जाता तिथंच राहिलो, तेरवीपर्यंत.

तेरवीला नव्या वस्तीच्या मैदानात सगळं गाव जेवायला बसलं. एका टेबलावर सहा फोटो, झेंडूचे हार घातलेले. बंडूचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यामुळे त्याचा चेहरा चोरट्यासारखा आला होता. टेबलाखाली सहा पानं वाढून ठेवलेली. गोदाबाई पंगतीत बसली नाही. ती वाढत होती; रोजच्यासारखीच, कोणाला काय हवं, कोणाचं पान रिकामं, हे बघत.

बारा वाजून गेले होते. ऊन डोक्यावर होतं, मैदानात कोणाची सावलीही लांब पडत नव्हती. डांबरी रस्त्याकडून एक माणूस चालत येताना दिसला. सावकाश येत होता, डावा पाय ओढत. डोक्याला पट्टी, अंगात दवाखान्याचा आकाशी शर्ट, पायात दोन वेगवेगळ्या चपला. पंगतीच्या टोकाला येऊन तो थांबला.

आणि खालून आवाज आला.

तेरा दिवसांनी पहिल्यांदा. नव्या जागेत, टेकडीपासून दोन किलोमीटरवर. पूर्वी दुरून यायचा तसा नाही, अगदी आमच्या मांड्यांखालून. ग्लासांतलं पाणी शहारलं. टेबलावरचे फोटो एकमेकांवर आपटू लागले आणि आवाज थांबेना. पाच घरांची माणसं त्या माणसाकडे बघत होती, मग महादेवरावांकडे. महादेवराव उभे राहिले. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण त्यांच्या मागोमाग आणखी आठदहा जण उभे राहिले, आणि ती माणसं ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत होती ती नजर मला अजून दिसते. द्वेष नव्हता तिच्यात. देणं राहून गेलेलं आठवल्यावर माणूस बघतो, तसे बघत होते.

तो माणूस म्हणाला, "माय."

गोदाबाईच्या हातात वरणाची बादली होती. तिनं ती खाली ठेवली. तांब्या घेतला, पाणी भरलं आणि सगळ्या गावादेखत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. मी चार हातांवर होतो. तिचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. तो एकदा फुटायला आला आणि तिनं तो परत मिटून घेतला.

"पाय धुवा, पाव्हणे," ती म्हणाली. "कोन्या गावचे?"

त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. टेबलावरच्या आपल्या फोटोवर, हारावर, खाली वाढलेल्या पानांवर. उभ्या राहिलेल्या माणसांवर. जमीन गुरगुरतच होती.

"बुऱ्हानपूरचा," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "रस्ता चुकलो, मावशी."

आवाज थांबला. एकदम, भिंतीला कान लावून ऐकताना पलीकडचा बोलायचा थांबावा तसा. महादेवराव खाली बसले. बाकीचेही बसले. गोदाबाईनं त्या माणसाचे पाय धुतले, पुसले, त्याला पंगतीच्या टोकाला बसवलं आणि पान मांडलं. भात, वरण, आलूवांग्याची भाजी, बुंदी. "लाजू नका, पाव्हणे. पोटभर खा," असं म्हणत तिनं त्याला तीनदा वाढलं. स्वतःच्या तेरवीचं जेवण तो खाली मान घालून जेवला.

जुईली माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "बाबा, बोला," ती हळूच म्हणाली. "हा बंडू आहे. तुम्ही बोललात तर ऐकतील."

खरं होतं ते. मेला समजून ज्याचं केलं तो परत आला, तर त्याला पुन्हा घरात घ्यायचाही विधी असतो. त्याला न्हाऊ घालायचं, नव्यानं जन्मला असं धरून बारसं करायचं. अर्ध्या दिवसाचं काम. मी उठून एवढं सांगायला हवं होतं. पण माझ्या मांडीखालची जमीन नुकतीच शांत झाली होती, आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटत होतं. मी बुंदीवाल्याला हाक मारली आणि माझ्या पानात वाढायला लावली. जुईलीनं माझं मनगट सोडलं.

जेवण झाल्यावर पाहुण्याला जुईलीनं मंडळाच्या जीपनं हिवरखेडला सोडलं, तिथून तो बुऱ्हानपूरच्या गाडीत बसला. वाटेत त्यानं तिला सांगितलं ते असं: त्या दिवशी परत येताना घाटात वरून दगड आले, गाडी दरीत गेली, कोणा ट्रकवाल्यानं त्याला बुऱ्हानपूरच्या दवाखान्यात टाकलं. महिनाभर त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. आठवलं त्या दिवशी तो निघाला.

संध्याकाळी महादेवराव माझ्याकडे आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"महाराज, थो बंडू नोहे," ते म्हणाले.

"महादेवराव, आईनं पाय धुतले त्याचे. मी तिचं तोंड बघितलं आहे."

"मी वट्यावरच्या पोरासंग बोललो नं. दहा मिनिटं आंधी. थो जर घाटात होता, तं मंग वट्यावर कोन होता?" "थो वट्यावरचा गाडल्या गेला. थोच बंडू. अन् गोदीले म्या सांगून देल्लं, आता कुठी जाजो नको. कुठी गेली तं समजू का थो तिचाच पोरगा हाय, अन् मंग जमीन हिसाब मागन. दोन मान्सं तिच्या दाराशी ठेवले."

ते तिला कोंडत नव्हते, असं त्यांना खरंच वाटत होतं. गावाला वाचवत होते. मी त्यांना रागावून बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की या माणसांच्या हातात हे हिशोबाचं शास्त्र मीच दिलेलं आहे. सहा नावं मी घेतली होती, माझ्याच तोंडानं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाई आली. मागून दोन माणसं चालत आली आणि थोड्या अंतरावर थांबली. तिच्या काखेत पळसाच्या देठांची जुडी होती, सुतळीनं बांधलेली.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "तीनशे साठ हायेत."

"कशाला, बाई?"

"माह्यं करा. अग्नी द्या."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"जित्या गोदीले हे जाऊ देत नाईत," ती सांगू लागली, भाकरीचं पीठ किती भिजवायचं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात. "गेली तं त्याच्या मांगं जातीन. मेलेलीले कोन अडवन? अन् महाराज, थो मेलेला हाय तं त्याची मायबी मेलेलीच पाह्यजे नं. तिकडे तरी मले माय म्हनन."

"असं करता येत नाही. जिवंत माणसाचं..."

"केलं नं तुमी. माह्या पोराचं."

ती खाली बसली आणि जुडी सोडून देठ वेगळे करू लागली. तिला मी कुठल्या भागाला किती ते सांगितलं आणि तिनं स्वतःच्या हातांनी स्वतःला बांधलं. पत्रावळीत मुरलेली बोटं होती, कुठे एक गाठ सैल नाही. डोक्याच्या नारळावर तिनं कुंकू लावलं नाही, विधवा होती म्हणून. ते बघून मला रडू आलं, आणि ती म्हणाली, "आता रडून काय होते, महाराज? आवरा लवकर. हिवरखेडहून बुऱ्हानपूरची साडेबाराची गाडी हाय."

अग्नी द्यायला तिचं कोणी नव्हतं. मीच दिला. महादेवरावांना मी फक्त एवढंच सांगितलं, की गोदाबाईचं करायचं आहे. ते म्हणाले, "हो. करून टाका." सगळं गाव जमलं. झऱ्याकाठी पुतळा पेटला आणि गोदाबाई गर्दीच्या मागे, हातात कापडी पिशवी घेऊन उभी होती. मी नाव घेतलं तेव्हा बायका खरोखर रडल्या. ज्यांच्याबरोबर तिनं महिनाभर भाकरी थापल्या त्या तिच्या नावानं टाहो फोडत होत्या, आणि ती पाच पावलांवर उभी असताना एकीनंही मान वळवली नाही. तिच्यावर पहारा ठेवणारे दोघेसुद्धा आता पुतळ्याकडे बघत होते. नारळ पहिल्याच झटक्यात फुटला.

जुईलीनं जीप आणून लावली. ती एकटीच गोदाबाईपाशी गेली, तिची पिशवी घेतली, तिला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. मग माझ्याकडे आली. "चला बाबा. तुम्हाला अकोल्याला जायचं होतं ना? हिवरखेडपर्यंत सोबत जाऊ."

मी म्हणालो, मी नंतर येतो.

रस्ता गर्दीला चिकटूनच होता. जीप हळू आली. गोदाबाईनं काच खाली केली होती. आपल्या गावाकडे ती एकेक चेहरा धरून बघत होती आणि एकेक चेहरा खाली जात होता. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं दोन्ही हात जोडले. "येते, महाराज," ती म्हणाली.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. शेजारी महादेवराव होते, पाच घरांची माणसं होती आणि सगळे ऐकत होते, कान जमिनीकडे लावून. मीही मान खाली घातली.